मुरानो: शेवटच्या बोटी गेल्यावरचं काचेचं बेट

सांजवात | रविवार, रात्री ९:४०

मे महिन्यात बाबांना घेऊन व्हेनिसला जाऊन आले. व्हेनिसवर इथे आधीच चार-पाच धागे आहेत, त्यांत भर घालत नाही. हा धागा फक्त मुरानोचा. तिथे आम्ही एकदा फशी पडून गेलो आणि एकदा शहाणे होऊन. दोन्ही वेळचं बेट एकच होतं यावर बाबांचा अजून विश्वास नाही.

पहिली फेरी. आम्ही उतरलो होतो त्या हॉटेलातल्या काउंटरवरच्या बाईंनी न्याहारीलाच विचारलं, मुरानोला जायचंय का, आमच्या पाहुण्यांना बोट फुकट. फुकट म्हटल्यावर पाल चुकचुकायला हवी होती. पण दारात चकचकीत लाकडी मोटरबोट उभी. बाबा म्हणाले, "बघ, आतिथ्य याला म्हणतात." बोट थेट एका कारखान्याच्या मागच्या धक्क्याला लागली. आत बाकांवर आम्ही वीसेक जण. कारागिराने सळईच्या टोकावर नारिंगी गोळा आणला, चिमट्याने इथे ओढला, तिथे दाबला, आणि दीड मिनिटात मागच्या पायांवर उभा घोडा. टाळ्या. बाबांनी शंका विचारायला हात वर केला, तोवर सगळ्यांना वरच्या मजल्यावर हाकललं होतं.

वर दालनामागून दालन. आपण आत गेलो की मागचं दार अलगद लागायचं. सहा पेल्यांच्या एका संचाची किंमत चौदाशे युरो. बाबांनी तुळशीबागेतल्या सवयीने "शेवटचं किती?" केलं. चौदाशेचे नऊशे झाले, जिन्यापाशी सहाशे. "जो माल जिना गाठेपर्यंत आठशेने उतरतो, तो तळमजल्यावर कितीला पडेल?" हे बाबा मराठीत मला विचारत होते, पण विक्रेत्याला बहुधा सूर कळला. काही घेतलं नाही. परतीच्या बोटीचं विचारलं तर ती 'आत्ताच गेली' होती. साडेनऊ-साडेनऊ युरोंची दोन तिकिटं काढून सरकारी बोटीने परत आलो.

मी रात्रभर धुसफुसत होते. सकाळी बाबाच म्हणाले, "अगं, पस्तीस वर्षं मी फळ्यावर काचेचं सूत्र लिहिलं, भट्टी जवळून कधी पाहिली नाही. काल पाहिला तो घोडा. आपण तिथेच राहायला जाऊ या का?" (बाबा रसायनशास्त्राचे मास्तर, निवृत्त.) शेवटच्या दोन रात्री मुरानोला एक खोली घेतली.

व्हेनिसच्या उत्तर काठावर, फोंदामेंते नोव्हे धक्क्यावर उभं राहिलं की बेट समोर दिसतं. जेमतेम दीड किलोमीटर पाणी. मध्ये सान मिकेले हे दफनभूमीचं बेट, विटांची तांबूस भिंत आणि तिच्यावरून डोकावणारी सरूची झाडं. मुरानो म्हणजे पुलांनी जोडलेली सात छोटी बेटं. वस्ती पाच हजारांच्या आत. १२९१ मध्ये व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने फर्मान काढून शहरातल्या काचभट्ट्या इकडे हलवल्या, कारण लाकडी घरांच्या दाटीत रात्रंदिवस पेटलेली भट्टी म्हणजे उशाशी निखारा. एका बेटावर कोंडले की कारागिरांवर आणि त्यांच्या गुपितांवर नजर ठेवणंही सोपं, हा दुसरा फायदा.

सकाळी दहा ते संध्याकाळी पाच मुरानो म्हणजे जत्रा. फोंदामेंता दे व्हेत्राई या कालव्याकाठच्या रस्त्यावर ('काचकारांचा काठ') दुकानाला दुकान लागून, आणि निम्म्या काचांवर 'आमच्याकडे चिनी माल नाही' अशा पाट्या. साडेसहानंतर मात्र कुणीतरी नळ बंद करावा तशी गर्दी थांबते. सान स्तेफानो चौकात निळ्या काचेच्या शेकडो अणकुचीदार कांड्यांचा एक प्रचंड तारा आहे, सिमोने चेनेदेझे यांनी २००७ मध्ये केलेला. दिवसा त्याच्याभोवती फोटोवाल्यांची रांग. संध्याकाळी तिथेच पोरं फुटबॉल खेळत होती. बाबांचा जीव टांगणीला, चेंडू ताऱ्यावर बसतोय की काय. एक आजोबा बाकावरून हाताने 'काही होत नाही' अशी खूण करत होते. कालव्यात एक म्हातारं जोडपं उभ्याने वल्ही मारत घरी चाललं होतं. खिडक्यांतून ताटांचा आवाज. बाबा म्हणाले, "दिवाळी झाल्यावरच्या मंगळवारी आपली पेठ अशीच असते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरमालकीणबाईंनी ओळखीच्या एका भट्टीत नेलं. आठ वाजता. बाक नाहीत, टाळ्या नाहीत. चार माणसं. मुख्य कारागीर 'माएस्त्रो', त्याचा हात म्हणजे 'सेर्व्हेंते', आणि सगळ्यांत लहान तो 'गार्झोन', सांगकाम्या पोरगा. कच्चा माल रात्रभर चौदाशे अंशांच्या आसपास वितळतो, म्हणजे माणसं झोपतात तेव्हा काच शिजते. सकाळी आच उतरवून रस मधासारखा दाट झाला की काम सुरू. फुंकणीच्या टोकावर रसाचा गोळा घ्यायचा, लोखंडी पाटावर लोळवायचा, एक हलकी फुंकर. पुन्हा भट्टीच्या तोंडाशी. पुन्हा रस. फुंकणी क्षणभरही स्थिर नाही, सारखी फिरतीच, थांबली की गोळा एका अंगाला लोंबायला लागतो. माएस्त्रो बाकावर बसून मांड्यांपुढे फुंकणी लोळवतोय आणि सेर्व्हेंते पलीकडून फुंकतोय, असा तो जोडीचा खेळ. दीड तासात त्यांच्यात दहा शब्द बोलले गेले असतील. माएस्त्रोने हात बाजूला केला की पोरगा हवा तो चिमटा हातात ठेवायचा. न मागता. बाबा माझ्या कानात म्हणाले, "काच सोड, त्या पोराकडे बघ."

शेवटी मध्यम आकाराची एक निळी सुरई झाली. ती लगेच पाचशे अंशांच्या पेटीत गेली. तिथे हळूहळू निवत ती दुसऱ्या दिवशी बाहेर येणार. उघड्यावर ठेवली तर बाहेरून थंड, आतून गरम, आणि त्या ताणाने तडकणार. हे बाबांना पाठ होतं. तरी पेटीचं दार लागताना त्यांनी हात जोडले, ते का कुणास ठाऊक.

संग्रहालयही जरूर पाहा. १८६१ साली सुरू झालेलं, आता पालात्सो जुस्तिनियानमध्ये आहे. तिथली बारोव्हिएर कप नावाची पंधराव्या शतकातली गडद निळी लग्नाची वाटी आणि अठराव्या शतकातली, जेवणाच्या टेबलावर मांडायची काचेची अख्खी बाग, कारंजी-कुंड्यांसकट. जवळच सान्ता मारिया ए सान दोनातोचं चर्च. त्याची ११४० ची मोझेइकची फरशी लाटांसारखी वरखाली झालीय. तिच्यात दोन कोंबडे एका कोल्ह्याला काठीला उलटा टांगून मिरवत नेताहेत. वेदीमागे मोठाल्या बरगड्या टांगल्यात, संत दोनातोने मारलेल्या ड्रॅगनच्या म्हणे. बाबांचं मत: देवमासा.

तर माझं म्हणणं इतकंच की व्हेनिसच्या चार रात्रींपैकी एक मुरानोला काढा. कुणी राहिलंय का आधी?

---

पाववडा | रविवार, रात्री १०:१५

वर्णन झकास. पण काच बघायला एवढं लांब? फिरोजाबादला जा, आग्र्याहून तासाभरावर. तिथे बांगडीची वेटोळी भट्टीपासून घरातल्या जोडकामापर्यंत बघायला मिळतात, फुकट, आणि कुणी दार लावून घेत नाही. युरोपात भट्टी असली की 'वारसा', आपल्याकडे असली की 'प्रदूषण'.

---

फुंकणी | रविवार, रात्री ११:०२

(आयडी या धाग्यासाठी घेतलेला नाही, आजीच्या चुलीपुढचा आहे. 🙂)

मी सात वर्षं व्हेनिसजवळच्या पादोव्हात राहते, पाहुणे आले की मुरानोची फेरी ठरलेली. सांजवात, ती फुकटची बोट हा जुना धंदा आहे. बोटीचं भाडं आणि हॉटेलवाल्याचं कमिशन दोन्ही पेल्याच्या किमतीत असतं, म्हणून तर आठशे सोडायला परवडतं.

जाणाऱ्यांसाठी: स्टेशनवरून थेट जायचं तर ३ नंबरची बोट, फोंदामेंते नोव्हेहून ४.१ किंवा ४.२, दहा मिनिटांत पहिला थांबा कोलोन्ना. सगळे तिथेच उतरतात. तुम्ही पुढे म्युझेओ थांब्याला उतरून चर्चपासून सुरुवात करा, उलट दिशेने. फारो थांब्यावर पांढऱ्या दगडाचं दीपगृह आहे, तिथून १२ नंबर बुरानो बेटाला जाते, अर्ध्या तासात. साडेनऊ युरोंचं तिकीट ७५ मिनिटंच चालतं, तेव्हा दोन बेटं करायची तर दिवसाचा पास घ्या. व्हेनिसने काही ठरावीक दिवसांसाठी जो प्रवेशकर सुरू केलाय तो मुख्य शहराचा आहे, मुरानो-बुरानोला नाही. ऑगस्टमध्ये भट्ट्या बंद असतात, त्या उकाड्यात कोण भट्टीपुढे उभं राहील? आणि खरं काम दुपारी उरकतं. संध्याकाळी पाचला जे 'प्रात्यक्षिक' चालू असतं ते तुमच्यासाठी असतं.

खरेदी: 'व्हेत्रो आर्तिस्तिको मुरानो' असा शिक्का बघा. व्हेनेतो प्रांताने १९९४ च्या कायद्याने आणलेलं चिन्ह आहे, त्यावर भट्टीचा क्रमांक असतो. पण चांगल्या सगळ्याच भट्ट्या त्यात नाहीत, म्हणजे शिक्का नाही म्हणून माल खोटा असं नाही. काचेत बुडबुडा दिसला की अस्सल, हे मात्र थोतांड. तीन युरोंचा घोडा मुरानोचा नसतो एवढं धरून चाला. एकाच दुकानात ७० युरोंच्या वर खरेदी झाली तर कर-परताव्याचा कागद मागून घ्या.

---

काचकुयरी | सोमवार, सकाळी ८:२०

लेख आवडला, एक दुरुस्ती. १२९१ च्या आधीपासून मुरानोत भट्ट्या होत्याच, फर्मानाने बाकीच्या तिकडे ढकलल्या. दुसरं, 'गुपित घेऊन पळणाऱ्या कारागिरामागे मारेकरी पाठवत' ही कथा आता कुणीतरी टाकेलच, म्हणून आधीच लिहितो. परवानगीशिवाय परदेशी जाऊन धंदा करायला बंदी होती, शिक्षा होत्या, हे खरं. पण माणसं जातच होती. १६६५ मध्ये चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेअर याने आरसे करणारे कारागीर फोडून पॅरिसला नेले आणि तिथे आरशांचा कारखाना काढला. व्हर्सायच्या आरसेमहालातले ३५७ आरसे त्याच फ्रेंच कारखान्याचे. कोंडून ठेवलेली विद्या शेवटी चांगला पगार देणाऱ्याकडे जाते.

पिंजरा सोन्याचाही होता. मुरानोच्या काचकाराच्या मुलीशी लग्न केलं तर व्हेनिसच्या सरदाराच्या मुलांचं सरदारपद जात नसे. १६०५ पासून काचकार घराण्यांची स्वतंत्र 'सोनेरी वही' ठेवली जायची.

---

कृष्णाकाठ | सोमवार, सकाळी १०:४७

पाववडा, फिरोजाबाद कशाला, आमच्या कराडला या. म्हणजे पूर्वी आला असतात तर. रेल्वेचं कराड स्टेशन ज्या ओगलेवाडीत आहे, ती वाडी काचेची. १९१६ साली ओगले बंधूंनी काच कारखाना काढला. 'प्रभाकर' कंदील तिथलाच. वीज येण्याआधी महाराष्ट्रात शाळकरी पोरांनी अभ्यास केला तो त्या उजेडात. आणि त्याच्याही आधी, १९०८ मध्ये, तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना. एकेक पैसा वर्गणी गोळा करून, टिळकांचा पाठिंबा असलेला. पैसापैसा जमवून लोकांनी काढायचं ठरवलं ते काय, तर काच! कारण बांगडीपासून चिमणीपर्यंत सगळं परदेशातून येत होतं.

आजोबा ओगलेवाडीला भट्टीवर होते. सांजवात, तुम्ही लिहिलेला तो 'न मागता चिमटा ठेवणारा पोरगा' वाचून थबकलो. आजोबा सांगायचे, पहिलं वर्षभर आम्हाला फुंकणीला हात लावू देत नसत, फक्त उभं राहून बघायचं. म्हातारपणी चहाची बशीसुद्धा ते बोटांवर फिरवत राहायचे, सवयीने.

---

हिरवा_चुडा | सोमवार, दुपारी १:३०

सगळे पेले-झुंबरं बोलताय, मण्यांचं कुणी काढतच नाही म्हणून मी काढते.

मुरानोची खरी जगभर गेलेली वस्तू फुलदाणी नाही, मणी आहे. बारीक मण्यांना तिथे 'कोंतेरिए' म्हणतात. करायची पद्धत अशी: पोकळ गोळ्याच्या दोन टोकांना सळया चिकटवून दोन माणसं विरुद्ध दिशांना चालत सुटायची, आणि मध्ये काचेची नळी लांबत जायची, भोक कायम ठेवून. मग तिचे बारीक तुकडे, आणि तापवत घोळले की कडा गोल. आपल्याकडे गूळ ओढताना पाहिलाय ना, तसंच.

हे मणी ओवायचं काम पुरुषांचं नाही, व्हेनिसच्या गरीब वस्तीतल्या बायकांचं. त्यांना 'इंपिरारेस्से' म्हणत. दाराशी बसून, मांडीवर मण्यांची लाकडी पेटी, आणि हातात पंख्यासारख्या पसरलेल्या डझनांनी लांब सुया एकदम मण्यांत खुपसायच्या. जुने फोटो पाहिले की मला आमच्या गल्लीतले पटवेकरी आठवतात. ते माल सांभाळून बसतात आणि नाव सोनाराचं होतं. तिथेही तसंच, नाव माएस्त्रोचं.

व्हेनिसचे आणि बोहेमियाचे (आजच्या चेक देशातले) मणी पेट्या भरून मुंबई बंदरात उतरायचे. माझ्या पणजीच्या पोतेतले काळे मणी कुठले होते ते आता कळायला मार्ग नाही, पण हल्लीच्या मण्यांशेजारी ठेवले की रंग वेगळा दिसतो, किंचित जांभळट. २०२० मध्ये युनेस्कोने इटली-फ्रान्सच्या काचमणी कलेला वारशाच्या यादीत घेतलं. बाईचं नाव हवं असेल तर एक आहे: मारिया बारोव्हिएर. पंधराव्या शतकाच्या अखेरीस निळ्या-पांढऱ्या-तांबड्या थरांचा, आत बारा टोकांची चांदणी दिसणारा 'रोझेत्ता' मणी परंपरेने तिच्या नावावर सांगतात.

---

पाववडा | सोमवार, दुपारी २:०५

मण्यांचं माहीत नव्हतं. कृष्णाकाठ, ओगलेवाडीवर वेगळा धागा काढाच.

तरी माझा मुद्दा सोडत नाही. फिरोजाबादला १९९६ मध्ये ताजमहालासाठी सर्वोच्च न्यायालयाने कोळसा बंद करायला लावला, भट्ट्या गॅसवर आल्या, कितीतरी छोट्या मोडल्या. मुरानोलाही गॅसच ना?

---

फुंकणी | सोमवार, दुपारी ४:५०

गॅसच. आणि तिथेच त्यांचं कंबरडं मोडलं. भट्टी रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते, रविवारीसुद्धा. विझवली तर आतलं भांडं थंड होताना तडकतं आणि पुन्हा पेटवून तापायला दिवस जातात. २०२१ च्या शरदात गॅसचे भाव जे चढले, ते युक्रेन युद्धानंतर आणखी. कितीतरी भट्ट्यांनी मालाची मागणी हातात असताना आग विझवली. मी त्या हिवाळ्यात गेले होते. सांजवातला जी संध्याकाळची शांतता आवडली तीच तेव्हा भर दुपारी होती, आणि ती बरी वाटत नव्हती. एका दुकानदारीण बाईंनी सांगितलं, 'धुराड्यांचा घुमणारा आवाज आम्हाला कधी ऐकूच येत नसे. थांबला तेव्हा कळलं की तो होता.'

आता बऱ्याच पुन्हा पेटल्यात. पण पोरं या कामात येत नाहीत ही रड आहेच. बेटावर राहणं महाग, व्हेनिसमध्ये पर्यटकांची बॅग ओढली तरी तेवढे मिळतात.

---

एकच_प्रश्न | सोमवार, संध्याकाळी ६:१२

सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. मुरानोत जेवायचं काय?

---

सांजवात | सोमवार, रात्री ९:३०

एकच_प्रश्न: कांदा-लसूण टाळायचं तर कठीण आहे. बेटाची खासियत म्हणजे मासे, सारदे इन साओर ही व्हिनेगरमधली तारली तर कांद्यातच बुडवलेली. आम्ही खोलीला स्वयंपाकघर होतं म्हणून तरलो. पोळेंता म्हणजे मक्याचा सांजा, तो साधा मिळतो. मेतकूट-भात घरचा न्या.

पाववडा: फिरोजाबादला जायचं ठरवलंय, बाबांचाच हट्ट. तुमच्या प्रश्नामुळे त्यांना विचारलं की दोन्हीकडची काच सारखीच ना. मग पाऊण तासाचा तास झाला. थोडक्यात: मुरानोची काच सोड्याची. पूर्वी सीरियाकडून किनाऱ्यावरच्या खारट झाडांची राख आणायचे आणि नदीतले पांढरे गोटे दळून घालायचे. ही काच हळू घट्ट होते, त्यामुळे फुंकायला, ओढायला वेळ मिळतो, म्हणून एवढी नाजूक नक्षी. बोहेमियाची काच लाकडाच्या राखेतल्या पोटॅशची, ती लवकर कडक होते, म्हणून ती फुंकून नाही, कापून सजवायची. पंधराव्या शतकात आंजेलो बारोव्हिएरने राख धुऊन शुद्ध केली, मँगनीजने रंग घालवला, आणि स्फटिकासारखी नितळ 'क्रिस्ताल्लो' काढली. "म्हणजे सगळी श्रीमंती राख चाळण्यातली," इति बाबा.

हिरवा_चुडा: तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती उठून कपाटातून आजीची पोत काढून आली. आता दिव्याखाली धरून जांभळट आहे की नाही यावर घरात दोन तट पडलेत.

कृष्णाकाठ: बाबांचा निरोप आहे. त्यांच्या वडिलांचा प्रभाकर कंदील माळ्यावर आहे, वात आहे, चिमणी तडकलेली. ओगलेवाडीची जुनी चिमणी कराडात कुणाकडे मिळेल का?

---

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री १०:०८

आमच्याकडे तीन आहेत, आजोबांच्या, १९५० च्या आसपासच्या, भुश्यात ठेवलेल्या. एक देतो. कुरियरने मात्र पाठवणार नाही. येऊन घेऊन जा म्हणावं बाबांना, आणि येताना तो चिमटा देणाऱ्या पोराचा फोटो काढला असेल तर आणा. आमच्या वडिलांना बघायचाय.